झेल टिपणाऱ्याची चाकरी

गेल्या खेपेस या सदरात घरातील जुन्या ग्रंथांची विल्हेवाट कशी लावावी याविषयी आम्ही लिहिले होते, व त्यावर वाचकभगिनींकडून आलेल्या पत्रांस या महिन्यात उत्तर द्यावे असा मानस होता. परंतु मध्यंतरी घरातच असा एक प्रश्न उपस्थित झाला की ग्रंथांस आणखी एक महिना फळीवर धूळ खात बसावे लागणार. पत्रलेखिकांनी क्षमा करावी.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू यंदा दहावीत आहे. शाळेच्या क्रिकेट संघात तो फलंदाज म्हणून बरा, गोलंदाज म्हणून बेताचा. परंतु क्षेत्ररक्षणास उभा राहिला म्हणजे त्याच्या हातून चेंडू सहसा सुटत नाही. गणिते मात्र पुष्कळ सुटतात. गेल्या पंधरवड्यात एका रात्री जेवणे आटोपून दादा ओटीवर सुपारी कातरीत बसले असता तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला व म्हणाला, "आजोबा, अकरावीला माझं नाव विज्ञानात घालू नका. मी पुण्याला आत्याकडे राहून क्रिकेट शिकेन आणि त्यावरच पोट भरीन."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. खेळ आमच्या घरात कधीच निषिद्ध नव्हता. दादा स्वतः कॉलेजात असताना खेळत. त्यांस लागला तो 'पोट' हा शब्द. आमच्यासारख्या घरांतून खेळाचा आदर्श म्हणून पिढ्यान्पिढ्या एकच नाव घेतले जाते, ते प्राध्यापक दि. ब. देवधरांचे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवावे, आणि उरल्या वेळात महाराष्ट्राचे कर्णधारपद भूषवून १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून आणावा! देवधरांनी १०१ वर्षांचे आयुष्य भोगले व १९९३ मध्ये ते वारले. दादांच्या मते खेळावे ते असे. विद्या आधी, चेंडू मागाहून.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, मग ती आमच्या पंक्तीतील कोणास रुचो वा न रुचो. देवधरांच्याही आधी, याच पुण्यात, पोटासाठी क्रिकेटच्या मैदानावर राबणारा एक अलौकिक गोलंदाज होऊन गेला. पाळवणकर बाळू हे जातीने चांभार. मैदानाची निगा राखणे व साहेबांस सरावासाठी चेंडू टाकणे ही त्यांची नोकरी. पुण्याच्या हिंदूंनी सामने जिंकण्यासाठी त्यांस संघात घेतले, त्यांच्या हातचा चेंडू बिनदिक्कत झेलला, आणि विश्रांतीच्या वेळी चहा मात्र त्यांस बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच बाळूंनी शंभरावर बळी मिळविले, आणि पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. हौसेने खेळणारा तो थोर व पोटासाठी खेळणारा तो हलका, ही आमची समजूत कोठून आली याचा शोध घेऊ गेल्यास वाट त्या मातीच्या पात्रावरून जाते. दादांस हे मी त्याच रात्री बोलून दाखविले. त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले व काहीच उत्तर दिले नाही.

मुलाने मात्र देवधर व बाळू ही दोन्ही नावे ऐकून घेतली आणि तिसरेच पुढे केले. "आपल्या जिल्ह्यातले अजिंक्य रहाणे आहेत की!"

तेव्हा दादांनी हुकूम सोडला: नानांनी, म्हणजे आम्ही, या गृहस्थांची सर्व हकीकत मिळवावी व आठ दिवसांनी घरात सर्वांसमक्ष सांगावी. शाळेतून निवृत्त झालेल्या मनुष्यास असली कामे यावयाचीच. जे सांगितले ते येथे देत आहे.

रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला. घराणे त्याच तालुक्यातील चंदनापुरीचे. पुणे-नाशिक रस्त्याने ज्यांचे जाणे-येणे असते त्यांस चंदनापुरीचा घाट परिचयाचा असेल. वडील मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरीस, बिऱ्हाड डोंबिवलीस. घरची स्थिती बेताची. मैदान घरापासून काही मैलांवर; रिक्षास रोज पैसे घालणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून आई एका खांद्यावर खेळाच्या सामानाची अवजड पिशवी व दुसऱ्या हातावर धाकटे मूल घेऊन मुलासोबत चालत जाई. ही हकीकत रहाणे यांनी पुढे स्वतःच मुलाखतींत सांगितली आहे. तिसरीचौथीच्या वयाचा हा मुलगा एकटा आगगाडीने डोंबिवलीहून मुंबईस खेळावयास जाऊ लागला, तेव्हा 'मी कामावर जातो' असे सांगून वडील त्याच गाडीच्या मागच्या डब्यात बसत व मुलगा नीट जातो की नाही हे त्याच्या नकळत पाहत, असेही त्यांनी सांगितले आहे.

हे ऐकताना आमच्या वहिनी, म्हणजे मुलाच्या आजी, वाती वळीत होत्या. त्यांचा हात थांबला. "त्या बाईला कोणी विचारलं का हो, की तुझा खांदा दुखतो का?" एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे प्रवीण आमरे यांच्यासारखे गुरू लाभले. २००७ मध्ये कराचीस, पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात, रहाणे यांनी १४३ धावा केल्या. २००८-०९ च्या रणजी हंगामात एकंदर १,०८९. एवढ्या पुंजीवर भारतीय कसोटी संघात नाव आले खरे, परंतु पानावर बसूनही वाढप होईना. सुमारे सोळा महिने ते संघाबरोबर हिंडत होते. इतरांस पाणी नेऊन द्यावे, कोणी जखमी झाल्यास त्याच्या जागी क्षेत्ररक्षणास धावावे. मार्च २०१३ मध्ये दिल्लीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध अखेर पान वाढले गेले, तेव्हा धावा किती? पहिल्या डावात ७ व दुसऱ्यात १. सूनबाई, म्हणजे मुलाच्या मातोश्री, येथे हसल्या. मुलगा मात्र गंभीर होता.

त्यानंतरचे चढते दिवस थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये दरबानला ५१ नाबाद व ९६; पुढच्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला ११८, हे पहिले शतक. जुलै २०१४ मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर सात गडी १४५ धावांत तंबूत परतलेले असताना त्यांनी १०३ धावा केल्या, आणि तेथे २८ वर्षांनी भारतास विजय मिळाला. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीस दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके, आणि २०१६ मध्ये इंदूरला १८८. त्यांची एकूण कसोटी शतके १२. पैकी ९ भारताने जिंकलेल्या सामन्यांत झाली, ३ अनिर्णित सामन्यांत, हरलेल्या सामन्यात एकही नाही.

परंतु आमच्या मुलाचे लक्ष धावांवर नव्हतेच. त्याला हवा होता ऑगस्ट २०१५ चा श्रीलंकेतील गॉल येथील सामना. त्या सामन्यात रहाणे यांनी यष्टीजवळच्या फळीत, ज्यास खेळाडू स्लिप म्हणतात तेथे, पहिल्या डावात तीन व दुसऱ्या डावात पाच असे आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या कोणाही खेळाडूने एका कसोटीत तोवर इतके झेल घेतले नव्हते. सातपर्यंत काहीजण पोहोचले होते. त्यांपैकी एक, महाराष्ट्राकडून खेळलेले यजुर्वेंद्र सिंह, यांनी १९७७ मध्ये बंगळूरला आपल्या पहिल्याच कसोटीत ही मजल मारली होती.

वाचकभगिनींपैकी ज्यांस या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आम्हांसही हे नव्यानेच उमगले. स्लिपमध्ये उभ्या राहणाऱ्याने तासन्तास काही करावयाचे नसते, आणि तरीही प्रत्येक चेंडूस वाकून सिद्ध राहावयाचे असते. जलद गोलंदाजाचा चेंडू फलंदाजाच्या बॅटीची कड घेऊन त्याच्यापर्यंत येतो तो अर्ध्या सेकंदाच्या आत. फिरकी गोलंदाज असल्यास क्षेत्ररक्षक अधिक जवळ उभा असतो, म्हणून वेळ तेथेही तितकाच तुटपुंजा. एवढ्या अवधीत विचार करणे शक्यच नाही. विचार आधीच, शेकडो सकाळी, हातांनी करून ठेवलेला असावा लागतो. हात ताठ ठेवल्यास चेंडू उसळून जातो. तो येत असताना हात किंचित मागे घ्यावे लागतात, आपल्याकडे झोळीतले मूल दुसऱ्याच्या हाती देताना घेणारी बाई जसे हात सैल सोडते तसे. आणि सर्वांत कठीण म्हणजे शंभर चेंडू काही न येता गेल्यावर एकशे एकाव्याला मन जागेवर असणे. ध्यानधारणेचा उपदेश करणाऱ्या पुष्कळांस हे साधत नाही.

मुलगा उठून उभा राहिला व सर्वांस वाकून दाखवू लागला. वहिनींनी समई बाजूस सरकविली.

पण याच गॉलची दुसरी बाजू दादांनी बरोबर हेरली. "सामना कोणी जिंकला?" श्रीलंकेने. भारतास जिंकण्यासाठी १७६ धावा हव्या होत्या. रंगना हेराथ यांनी सात गडी बाद केले व सर्व संघ ११२ धावांत आटोपला. त्या पडत्या डावातील सर्वाधिक धावाही, अवघ्या ३६, रहाणे यांच्याच होत्या. "म्हणजे झेल आठ आणि पदरात हार," दादा म्हणाले. खरेच होते.

क्षेत्ररक्षणाच्या विद्येचा हाच दोष आहे की केवळ तिच्यावर कोणास संघात घेत नाहीत. या विद्येचे मराठी मुलखातील सर्वश्रेष्ठ नाव एकनाथ सोलकर यांचे. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरील माळ्याचे ते चिरंजीव. मैदानाकडेच्या खोपटात वाढले. फलंदाजाच्या अगदी नाकासमोर, डोक्यास काही संरक्षण न घेता उभे राहून त्यांनी २७ कसोट्यांत ५३ झेल घेतले. १९७१ मध्ये ओव्हलला ॲलन नॉट यांचा जमिनीलगत सूर मारून टिपलेला त्यांचा झेल जुनी माणसे अजून सांगतात. तथापि सोलकरांसही फलंदाजी व गोलंदाजी यांची जोड द्यावी लागलीच. आमचे एक भाचे अमेरिकेत शिकागोजवळ राहतात. तिकडच्या बेसबॉल या खेळात मैदानाच्या दूरच्या भागात तिघे क्षेत्ररक्षक उभे असतात, हातात कातड्याचा मोठा मोजा घालून. परंतु त्यांचेही वेतन ठरते ते बहुधा दांडपट्ट्यावर, म्हणजे बॅट चालविण्यावर. पोर्तो रिकोचे रॉबर्टो क्लेमेंटे हे त्यांतील एक फार नावाजलेले. उत्तम क्षेत्ररक्षणाबद्दलचा सोन्याचा मोजा त्यांस बारा वेळा मिळाला, तरी त्यांचे नाव निघाले की आधी त्यांनी मारलेल्या ३,००० फटक्यांचा आकडा निघतो. १९७२ च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जात असता विमान कोसळून त्यांचा अंत झाला. विषयांतर झाले, परंतु असा मनुष्य आठवला की त्यास ओलांडून जाता येत नाही.

आता त्या दौऱ्याकडे वळतो, ज्याचे वर्णन ऐकताना सूनबाईंनी देखील दूध उतू जाऊ दिले.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. कसोटीच्या इतिहासात भारताची ही सर्वांत लहान धावसंख्या. पहिल्या डावात कर्णधार विराट कोहली ७४ धावांवर चांगले जमले असताना रहाणे यांनी धावेसाठी हाक दिली व मग माघार घेतली. कोहली धावबाद झाले आणि तेथून डाव घसरला. सामन्यानंतर कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतले. मोहम्मद शमी यांचा हात मोडला होता. अशा स्थितीत कर्णधारपद आले ते ज्याच्या चुकीने कर्णधार बाद झाला त्याच गृहस्थाकडे. मुलास मी विचारले, की तू असतास तर काय केले असतेस? तो म्हणाला, "झोप लागली नसती."

रहाणे यांनी दहा दिवसांच्या आत मेलबर्नला ११२ धावा केल्या. गंमत अशी की तेथे ते स्वतः धावबाद झाले, आणि तेही रवींद्र जडेजा अर्धशतकासाठी एक धाव घेत असताना. परतताना त्यांनी रागाची एक रेघही चेहऱ्यावर येऊ दिली नाही. जडेजांच्या पाठीवर थोपटले व निघून गेले. सामना आठ गड्यांनी जिंकला. सिडनीला प्रेक्षकांपैकी काहींनी मोहम्मद सिराज यांस अपशब्द वापरले तेव्हा कर्णधाराने खेळ थांबवून पंचांकडे तक्रार नेली. मैदान सोडून जाण्याची मुभा मिळत असता, आम्ही खेळावयास आलो आहोत व खेळणार, अशी भूमिका घेतली. तो सामना हनुमा विहारी व अश्विन यांनी जखमी शरीरांनी वाचविला. शेवटचा ब्रिस्बेनला. तेथे १९८८ पासून, म्हणजे रहाणे यांच्या जन्मवर्षापासून, ऑस्ट्रेलिया हरली नव्हती. निम्मा संघ दुखापतींनी घरी किंवा तंबूत; गोलंदाज अगदी नवखे. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले. करंडक हाती आल्यावर कर्णधाराने तो प्रथम कसोटी खेळलेल्या नटराजन यांच्या हाती देऊन टाकला.

मुंबईस परतल्यावर शेजाऱ्यांनी स्वागताचा जो केक आणला होता त्यावर कांगारूची आकृती होती. तो कापण्यास रहाणे यांनी नकार दिला. कांगारू हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी, जिंकलो तरी प्रतिस्पर्ध्याचा मान राखावयास हवा, असे त्यांचे म्हणणे. २०१८ मध्ये बंगळूरला अफगाणिस्तानचा पहिलाच कसोटी सामना दोन दिवसांत संपला तेव्हाही हेच कर्णधार होते, आणि करंडकासह छायाचित्र काढताना त्यांनी हरलेल्या संघास शेजारी बोलावून घेतले होते. सहा कसोट्यांत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या.

"मग कायमचे कर्णधार झाले असतील," वहिनी म्हणाल्या.

नाही. दादांचा सबंध प्रश्न येथेच येऊन ठेपतो. त्या विजयानंतर वर्षभरातच धावा आटल्या आणि २०२२ च्या आरंभी, तेहतीस-चौतीस या वयात, संघातून नाव गेले. आमच्याकडे या वयात मनुष्य नोकरीत नुकता कायम झालेला असतो. त्यांनी मुंबईकडून खेळणे चालू ठेवले. २०२३ च्या आयपीएलसाठी चेन्नईने त्यांस किमान किमतीस, ५० लाखांस घेतले. 'लिलाव' हा शब्द मनुष्यास लावलेला दादांस मुळीच सहन होत नाही, व आम्हांसही होत नाही. परंतु त्याच हंगामात त्यांनी पूर्वी कधी नव्हे अशा वेगाने ३२६ धावा केल्या आणि जून २०२३ मध्ये ओव्हलच्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी कसोटी संघात परत आले. तेथे ८९ व ४६. सामना हरला. पुढच्या महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये दोन कसोट्यांत धावा झाल्या नाहीत, आणि पुन्हा नाव गेले. ८५ कसोट्या, ५,०७७ धावा, सरासरी ३८.४६, झेल १०२.

मार्च २०२४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात त्यांचा वाटा ७३ धावांचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची सदतीस उलटल्यावर, कर्णधारपद आपण होऊन सोडून दिल्यानंतरही ते मुंबईकडून छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा करीत होते.

माझे सांगणे संपले. दादांनी बराच वेळ काही विचारले नाही. मग नातवाकडे वळून म्हणाले, "श्रीरामपूरच्या जहीर खानांची गोष्टही नानांनी सांगायला हवी होती. सतराव्या वर्षी त्यांचे वडील त्यांना मुंबईला घेऊन गेले. देशात इंजिनियर पुष्कळ आहेत, तू जलद गोलंदाज हो, असं म्हणाले म्हणे. त्यांचे तीनशे अकरा बळी मला ठाऊक आहेत. तू मला एवढंच सांग. ज्या गाडीने रहाणे डोंबिवलीहून जात, त्या गाडीतून पिशव्या घेतलेली आणखी किती मुलं उतरत असतील? त्यांचं पुढे काय झालं?"

मुलगा खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "ते मला ठाऊक नाही, आजोबा."

हे उत्तर दादांस आवडले असे आम्हांस वाटते, कारण त्यांनी अडकित्ता पुन्हा हाती घेतला. रहाणे यांचे नाव घेऊन त्याने काही आश्वासन दिले असते तर गोष्ट तेथेच मिटली असती. आमचे मतही विचारण्यात आले. आम्ही सांगितले, की सोळा महिने पाणी वाहण्याची ज्याची तयारी नाही त्याने या वाटेस जाऊ नये, आणि ही तयारी आहे की नाही हे घरी बसून कळणार नाही. तेव्हा पाठवावे, परंतु मुदत घालून पाठवावे.

शेवटी ठरले ते असे. अकरावीस नाव पुण्यास घालावयाचे, विज्ञानात नव्हे, वाणिज्य शाखेत. गणित सोडावयाचे नाही. सकाळी मैदान, दुपारी महाविद्यालय. दोन वर्षांनी पुन्हा याच ओटीवर बसून बोलावयाचे, आणि तोवर कोणी त्यास टोमणे मारावयाचे नाहीत. ही शेवटची अट सूनबाईंनी घातली व दादांकडे पाहून घातली. खर्चाचा हिशेब थोरल्या पुतण्याने मांडला आहे. बॅट, पॅड, बूट, शिकवणीचे शुल्क मिळून जो आकडा निघाला तो पाहून यंदा गच्चीची दुरुस्ती पुढे ढकलावी लागेल, हे उघड आहे.

आत्याचे घर कोथरुडास, मैदान तेथून बरेच लांब. पिशवी कोण उचलणार, असा प्रश्न वहिनींनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी विचारला. मुलगा म्हणाला, "मीच." त्यावर वहिनींनी त्यास आमची धान्याची गोणी उचलून माजघरातून परसापर्यंत नेऊन दाखवावयास सांगितले. त्याने ती नेली. वाटेत दोनदा टेकवली.